ग्वाल्हेरची एकसष्टी आणि भाड्याचे शीड

ग्वाल्हेरला मी जातो तो गाण्यासाठी. डिसेंबरात तिथे तानसेन समारोह असतो, आणि माझ्या मामेबहिणीचे सासर लष्करात असल्यामुळे राहण्या-जेवण्याची चिंता नसते. लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांची एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची छावणी. छावणीचे पुढे शहर झाले, पण नाव तेच राहिले. तिथली मराठी घरे अजून गौरी-गणपती बसवतात, पुरणपोळी करतात आणि भांडण विकोपाला गेले की हिंदीत शिरतात.

गेल्या डिसेंबरात मात्र गाणे बाजूला राहिले. वाड्याच्या माडीवर, गुडघ्यांवर रजया ओढून, आम्ही तिघे क्रोएशियाचा नकाशा पाहत बसलो होतो. भावोजींची एकसष्टी येत्या जूनमध्ये आहे. भाचा म्युनिकला नोकरीला असतो. त्याने ठरवले की शांत, होम, सत्यनारायण घरी होईलच, पण खरा सोहळा पाण्यावर. स्प्लिट बंदरातून चाळीस फुटी शिडाची बोट आठवडाभर भाड्याने घ्यायची आणि ह्वार, विस, कोर्चुला अशी बेटे करत फिरायचे. माणसे सात. भावोजी, ताई, भाचा, सूनबाई, चार वर्षांचा नातू, मुलगी आणि जावई. बोट चालवणार भाचा स्वतः.

"तू तर समुद्राजवळचा. तुला तर हे सगळं येतच असेल," भावोजी म्हणाले आणि नकाशा माझ्याकडे सरकवला.

आता काय सांगू! मी अंत्रूज महालातला. आमच्याकडे समुद्र म्हणजे सकाळी टोपलीतून दारात येणारे नुस्ते. लहानपणी वर्षातून एखाद्या वेळी मिरामारला जायचे, घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहायचे आणि चणे खाऊन परतायचे. शाळेत १०५ किलोमीटरचा किनारा पाठ केला, पण त्यातल्या एका किलोमीटरवरही मी शिडाची दोरी हातात धरलेली नाही. पोहायलासुद्धा येत नाही. हे मी त्या रात्री कबूल केले नाही. गोवेकराची अब्रू होती ना! मी चष्मा लावला आणि भाच्याने पाठवलेले कागद वाचायला घेतले.

वाचता वाचता मात्र रस वाटू लागला. या भाड्याच्या बोटींचा एक ठरलेला रिवाज आहे. बोट बहुधा शनिवार ते शनिवार मिळते. शनिवारी दुपारी ताब्यात घ्यायची, शुक्रवारी संध्याकाळी मूळ बंदरात परत आणायची आणि शनिवारी सकाळी रिकामी करून द्यायची. म्हणजे सात दिवसांचे भाडे भरले तरी फिरायला मिळतात जेमतेम सहा. अनामत रक्कम वेगळी, तीही हजार-दोन हजार युरोंच्या घरात. बोटीला ओरखडा आला की त्यातून कापून घेतात. जुन्या प्रवासवर्णनांत क्रोएशियाचे वेगळे चलन आणि वेगळा व्हिसा यांची माहिती असते, ती आता विसरायची. १ जानेवारी २०२३ पासून तिथे युरो चालतो आणि शेंगेन व्हिसावर प्रवेश मिळतो. त्या व्हिसासाठी ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो आणि राहण्याचा पत्ता द्यावा लागतो. पत्ता म्हणून बोटीचे नाव कसे लिहायचे, यावर भावोजींनी अर्धा तास घालवला. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला रकाना रिकामा राहिलेला चालत नाही.

समुद्राविषयी मात्र भाच्याने विचार केला होता, हे मान्य केले पाहिजे. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी बहुतेक ठिकाणी नगण्य असते. आपल्याकडे ओहोटीला होडी चिखलात बसते, तसे तिथे सहसा होत नाही. जूनमध्ये एड्रियाटिकवर दुपारी वायव्येकडून एक वारा उठतो, त्याला तिथले लोक माएस्त्राल म्हणतात. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे दुपारी जो खारा वारा सुटतो, त्याचाच हा भाऊ. पण दुसरा एक आहे, बोरा. तो डोंगरावरून खाली कोसळतो. त्याचा जोर हिवाळ्यात जास्त, तरी उन्हाळ्यातही एखाद वेळी येतो आणि आला की पुरेशी सूचना न देता येतो. ग्रीसच्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसच्या दिवस वाहतो. म्हणून भाच्याने ते टाळून क्रोएशिया निवडला होता. स्प्लिटहून ह्वार गाव वीसेक सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. पाच नॉटच्या वेगाने चार-पाच तास. ताई म्हणाली, "म्हणजे इथून झाशीला जाऊन येण्याइतकं!" अंतर नव्हे, वेळ.

मग मी परवान्याचा कागद पाहिला, आणि माझे मत तिथे बनले.

भाच्याने जर्मनीत समुद्री बोटीचा परवाना काढला आहे, रेडिओचे प्रमाणपत्रही घेतले आहे. क्रोएशियाला एवढे पुरते. त्याला तिथे कोणीही शिडाची बोट भाड्याने देईल. पण जर्मनीच्या त्या परवान्याची प्रात्यक्षिक परीक्षा इंजिनाच्या बोटीवर होते. बोयाला वळसा घाला, माणूस पाण्यात पडला तर उचला, धक्क्याला लागा, गाठी मारून दाखवा. शीड त्यात येतच नाही. मी दूरध्वनीवर विचारले, "बाबा, शीड किती वेळा उभारलंस?"

"मामा, सरोवरात. दोन वीकेंड."

त्याने खोटे सांगितले नाही, याचे मला कौतुक वाटले. पण मुद्दा इथेच आहे. कायद्याने तो तांडेल झाला. वाऱ्याने अजून केलेले नाही.

ज्यांना यातले ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही महिनाभरापूर्वी ठाऊक नव्हते. शिडाच्या खालच्या कडेला एक आडवा दांडा असतो, त्याला बूम म्हणतात. वारा मागून असताना सुकाणू थोडे चुकले तर तो दांडा एका क्षणात या बाजूचा त्या बाजूला जातो आणि मध्ये डोके असेल तर ते फोडतो. सात माणसांत एक चार वर्षांचे मूल, एक चक्कर येणारी आजी. दुसरी गोष्ट धक्क्याला लागण्याची. भूमध्य समुद्रातल्या जुन्या बंदरांत बोट आडवी लावायला जागा नसते. नांगर पुढे टाकायचा, मग मागे मागे येत दोन बोटींच्या फटीत पाठमोरे शिरायचे आणि दोऱ्या धक्क्यावर द्यायच्या. बाजूने वारा असेल तर बोट तिरपी होते आणि शेजारच्याच्या कठड्यावर जाते. हे सगळे एकट्याने होत नाही. एक जण सुकाणूवर, एक नांगरावर, एक दोरीवर.

ताई तोवर गप्प होती. ती म्हणाली, "हा खाली उतरून बोट बांधेल. मग बोटीवर कोण? तुझे भावोजी?"

सगळ्या कागदांतला सर्वांत शहाणा प्रश्न हाच. ग्रीसचा नियम असा की परवानाधारक तांडेलासोबत दुसरा एक जाणकार माणूस असल्याचे लिहून द्यावे लागते. क्रोएशिया एका परवान्यावर भागवते. कागदाचे भागले म्हणून धक्क्याचे भागत नाही.

म्हणून मी सांगितले की जा, जरूर जा. एकसष्टीला पाण्यावर जाणे यात थेरे काही नाहीत. पण पहिल्या वेळी पगारी तांडेल घ्या. दिवसाला साधारण दोनशे युरो, त्याचे जेवण आणि एक बिछाना. भाच्याने त्याच्या हाताखाली सात दिवस खलाशी व्हावे. पुढच्या वेळी बोट त्याची.

भाचा रुसला. परका माणूस घरच्या सोहळ्यात कशाला, खर्च वाढतो, मी मग परवाना कशाला काढला, मित्र तर असेच जातात. शेवटचे वाक्य मला ओळखीचे वाटले. गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर समुद्रात उतरणारे पर्यटकही हेच म्हणतात, आणि लाल बावट्याजवळ उभ्या असलेल्या जीवरक्षकाशी वाद घालतात.

भावोजींना पटवायला मात्र मला शिंदेशाहीचा आधार घ्यावा लागला. ग्वाल्हेर आणि समुद्र यांचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण हिंदुस्थानातल्या आधुनिक जहाज व्यवसायावर ग्वाल्हेरचे नाव कोरलेले आहे. १९०० मध्ये चीनच्या मोहिमेसाठी माधवराव शिंद्यांनी एक इस्पितळ-जहाज दिले होते, त्याचे नावच 'ग्वाल्हेर'. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांच्या पुढाकाराने 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे कॅनेडियन कंपनीचे जुने प्रवासी जहाज विकत घेतले गेले, त्याचे इस्पितळ झाले आणि नाव पडले 'लॉयल्टी'. युद्ध संपले तेव्हा सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी जहाजाच्या शोधात होते. त्यांनी 'लॉयल्टी' घेतले आणि १९१९ मध्ये कंपनी काढली, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. त्या वर्षी ५ एप्रिलला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाले. वाट अर्थात सुएझची, म्हणजे भूमध्य समुद्रातूनच. १९६४ पासून ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन आहे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या गावाचे घराणे, आणि त्याचे नाव मुंबईच्या धक्क्यावर!

"बघ," भावोजी खुलले, "आमचं रक्तातच आहे."

"भावोजी," मी म्हटले, "महाराजांनी जहाज घेतलं. चालवायला माणूस त्यातलाच ठेवला."

ते हसले. जय विलास महालात जेवणाच्या मेजावर दारू-फळे फिरवणारी चांदीची आगगाडी ठेवणाऱ्या राजाचा दाखला ग्वाल्हेरच्या माणसापुढे वाया जात नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला शिवपुरीला घेऊन गेले. ग्वाल्हेरहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. शिंद्यांची ही उन्हाळ्याची राजधानी. माधव राष्ट्रीय उद्यानात, जे मार्च २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले, सख्यासागर नावाचा तलाव आहे. मणिहार नदी अडवून १९१८ च्या सुमारास तो केला. २०२२ मध्ये तो रामसर यादीत गेला. काठावर एक जुनी हवेशीर इमारत आहे, तिला सेलिंग क्लब म्हणतात. मध्य हिंदुस्थानात, बाभळी आणि धावड्याच्या रानात, सेलिंग क्लब! आम्ही तिथल्या कठड्याशी उभे राहिलो. पाण्यात शीड नव्हते. पलीकडच्या खडकावर एक मगर ऊन खात पडली होती. भावोजी म्हणाले, लहानपणी हे नाव वाचून त्यांना वाटायचे की इथे काहीतरी विकायला मिळते.

मी हसलो, पण परतीच्या वाटेवर विचार आला की आमच्या गोव्याचे तरी दुसरे काय आहे? जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात कदंबकाळातला एक वीरगळ आहे, त्यावर जहाजांची लढाई कोरलेली आहे. दर्यावर्दी परंपरा म्हणून आम्ही त्याचे छायाचित्र स्मरणिकांत छापतो. आमचे तारवटी पिढ्यान् पिढ्या विलायती जहाजांवर गेले, पण गेले ते स्वयंपाकी, वाढपी, खलाशी म्हणून, घर चालवायला. मासेमारीच्या होड्यांवरचे शीड यंत्रे आल्यावर उतरले, आणि त्यात वाईट काही नाही. ज्याला पोटासाठी रोज समुद्रात जायचे त्याने वाऱ्याची वाट का पाहावी? पण मौज म्हणून, विद्या म्हणून, शीड आमच्या मध्यमवर्गात कधी आलेच नाही. आज मांडवीत सर्वांत मोठी जी जहाजे दिसतात ती कॅसिनोंची. ती तरंगतात, पण कुठे जात नाहीत. मी परत आल्यावर एका पर्यटन एजंटाकडे चौकशी केली की घरच्या माणसांना शिडाची होडी शिकायची असेल तर काय सोय आहे. त्याने विचारले, "पॅरासेलिंग?" मी म्हटले, "नाही, शीड." तो म्हणाला, "मग डॉल्फिन दाखवतो."

हे अशा गोव्यात, जिथे दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली गेली. तीवरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. तिची धाकटी बहीण 'तारिणी'ही दिवाडीचीच. सप्टेंबर २०१७ मध्ये नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी तीवरून मांडवीच्या मुखातून निघाल्या आणि मे २०१८ मध्ये जगाला वळसा घालून तिथेच परतल्या. त्यांची प्रमुख वर्तिका जोशी ऋषिकेशची. प्रतिभा जामवाल कुल्लूची. पायल गुप्ता देहरादूनची. डोंगरातल्या मुली मांडवीवर आल्या, शिकल्या आणि केप हॉर्नला वळसा घालून आल्या. आम्ही पणजीच्या काठावर टाळ्या वाजवल्या आणि भजी खाल्ली. २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघीच 'तारिणी' घेऊन गेल्या, तेव्हाही तेच.

तेव्हा रक्तात आहे की नाही, किनाऱ्याजवळचा की दूरचा, हा प्रश्नच फोल आहे. ऋषिकेशची मुलगी समुद्राची होते आणि फोंड्याचा माणूस होत नाही, यातला फरक शिकवणाऱ्याचा आणि शिकण्याच्या तासांचा आहे. हे ग्वाल्हेरला वेगळे सांगायची गरज नसावी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर त्या गावात वासुदेवबुवा जोशींपाशी राहिले, राबले, शिकले, तेव्हा कुठे ख्याल महाराष्ट्रात आला आणि पुढे आम्हा गोवेकरांच्या बैठकांतही पोचला. आठवड्याच्या बोलीवर कोणी ख्याल देत नव्हते. त्या रात्री मी भाच्याला हेच सांगितले. तो म्हणाला, "मामा, मी कुठे मैफल करतोय, घरात गुणगुणतोय." उत्तर चांगले होते. पण गुणगुणताना बेसूर झाले तर शेजारच्या बोटीला भोक पडत नाही.

आणखी एक गंमत मला ग्वाल्हेरातच कळली. पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन शिकवणारी केंद्र सरकारची संस्था १९८३ मध्ये दिल्लीला निघाली. पुढे तिचे मुख्यालय ग्वाल्हेरला आले. भावोजी रोज फिरायला जातात त्या वाटेवर तिची पाटी आहे. गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था, जी १९९० मध्ये सुरू झाली, ती २००४ पासून याच संस्थेचा भाग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या नव्या संकुलाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले, ते मी वर्तमानपत्रात वाचून पान उलटले होते. म्हणजे गोव्याच्या पाण्यातली विद्या, आणि तिची मुख्य कचेरी ग्वाल्हेरात. पाटीखालून रोज जाणाऱ्या भावोजींना ठाऊक नाही, आणि दोनापावलाला बदाबदा पाहुणे नेणाऱ्या मलाही नाही. आमची सरकारे पर्यटनाच्या जाहिरातीत लाटांचे चित्र छापतात. त्याऐवजी दर तालुक्यातल्या एका शाळेतली वीस मुले वर्षातून आठ दिवस तिथे पाठवली, तर माझ्यासारखे चष्मा लावून अब्रू वाचवणारे गोवेकर पुढच्या पिढीत कमी होतील. खर्च एखाद्या नृत्यमहोत्सवाच्या मंडपापेक्षा जास्त यायचा नाही.

असो. बोटीवरच्या संसाराची ताईला भीती होती, ती मात्र निराधार निघाली. दोन चुलींची शेगडी असते, ती बोट कलली तरी झोके घेत सपाट राहते. गोडे पाणी टाकीत असेल तेवढेच. सात माणसांनी जपून वापरले नाही तर दोन-तीन दिवसांत टाकी कोरडी. हे ऐकल्यावर ताईचा चेहरा उजळला. ग्वाल्हेरला तिघरा धरणाचे पाणी. पाऊस कमी झाला की एक दिवसाआड नळ येतो. एका तांब्यात भांडी विसळण्याची विद्या तिच्याइतकी म्युनिकमध्ये कोणाला येणार? तिने तिथल्या तिथे जाहीर केले की बोटीवर पाण्याची चावी तिच्या हातात राहील.

मी परत आल्यावर दहा-बारा दिवसांनी भाच्याचा निरोप आला. चाळीस फुटीऐवजी चार खोल्यांची थोडी मोठी बोट ठरली आहे आणि तांडेल पूर्ण आठवड्यासाठी घेतला आहे, स्प्लिटचाच एक वयस्क माणूस. त्याला म्हणे पहिल्याच पत्रात विचारले की आमच्या मुलाला शिकवाल का. त्याने उलट विचारले, वडिलांना का नको? तेव्हापासून भावोजींनी वाड्याच्या खांबाला धोतराची दोरी बांधून न सरकणाऱ्या फाशाची बोलाइन गाठ मारायचा सराव सुरू केला आहे. छायाचित्रे रोज येतात. पहिल्या चार दिवसांच्या गाठी सरकल्या.

मार्चमध्ये, शिगम्याला, ती दोघे गोव्याला येणार आहेत. लहान शिडाच्या होडीचे आठ दिवसांचे प्राथमिक वर्ग मी शोधून काढले, भावोजींचे नाव घातले आणि लाज वाटून खाली माझेही. अर्जात एक रकाना होता, पोहता येते काय? भावोजींना येते. लष्करातल्या एका बावडीत ते लहानपणी शिकले. मी खरे तेच लिहिले, आणि तिकडून कळले की आधी पंधरा दिवस तलावात काढावे लागतील. सोमवारपासून सकाळी सहाला जातो आहे.